गिटहबच्या नोटिफिकेशन मेल्सचा पूर आलाय, कुठून बंद करू आणि काय चालू ठेवू?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून विचारायचं मनात होतं, आज वेळ काढून लिहितोय. आमच्या कंपनीचा सगळा कोड गिटहबवर (कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची वेबसाइट) आहे, तीन-चार टीम एकत्र झाल्यापासून आमची ऑर्ग, म्हणजे तिथलं कंपनीचं सामायिक खातं, मोठी झालीये आणि तेव्हापासून मेलबॉक्सची पार वाट लागलीये. सकाळी लॅपटॉप उघडला की शेकड्याने मेल, त्यात कुणीतरी कुठल्यातरी रिपोत (एका प्रोजेक्टचा कोड जिथे असतो ती जागा) कमेंट केली, बिल्ड (कोडची आपोआप होणारी जुळणी-चाचणी) पडलं, बिल्ड परत पडलं, डिपेंडाबॉट नावाच्या गिटहबच्या बॉटने कुठली तरी लायब्ररी अपडेट करायला पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) टाकली, मग ती बंद केली, मग नवी टाकली, ज्या प्रोजेक्टशी माझा काडीचा संबंध नाही तिथलीही चर्चा मला येते.

मी सरळ एक फोल्डर करून सगळं त्यात ढकलायला लागलो आणि टीममधल्या बाकीच्यांनीही तेच केलं. परिणाम काय, तर परवा आमच्याकडच्या एका नव्या मुलीची रिव्ह्यू रिक्वेस्ट (कोड तपासून द्यायची विनंती) त्या ढिगाऱ्यात गेली, टीममधल्या कुणालाच दिसली नाही, ती बिचारी वाट बघत बसली आणि तिचं काम अडकलं. हे मला मनापासून लागलं. नवीन माणसाने पहिल्यांदा कोड टाकावा आणि कुणी ढुंकूनही बघू नये, हे बरं नाही.

तर प्रश्न असा की मेल मुळातूनच कमी कशा करायच्या, आणि ज्या खरंच आपल्यासाठी आहेत त्या तेवढ्या वर कशा आणायच्या? सगळं बंद करा असा सल्ला नकोय, तो मिळालाय आधीच.

मेघना_प

डोंगरवाट, तुम्ही फोल्डर केलंत तिथेच गोम आहे. फोल्डरने मेल कमी होत नाही, नजरेआड होते. आधी प्रत्येक मेल का आली ते बघायचं, आणि ते शोधायला कुठे जावं लागत नाही, मेलच्या तळाशीच लिहिलेलं असतं. गिटहबची कुठलीही नोटिफिकेशन मेल उघडा आणि अगदी खाली जा, बारीक करड्या अक्षरात एक ओळ असते, ‘तुम्हाला ही मेल येतेय कारण...’ या अर्थाची. तिथे कधी लिहिलेलं असतं की तुम्ही या थ्रेडला सबस्क्राइब्ड आहात, कधी तुमचा उल्लेख झाला, कधी तुमच्या टीमचा उल्लेख झाला, कधी तुमच्याकडे रिव्ह्यू मागितलाय, कधी तुम्ही हा थ्रेड सुरू केला होता, कधी तुम्हाला असाइन केलंय. कामाच्या एखाद्या दिवशी आलेल्या मेल घेऊन बसा आणि फक्त ती शेवटची ओळ वाचत जा. पुढची निम्मी कामं तिथेच कळतात.

‘सबस्क्राइब्ड’वाल्या जास्त असतील, आणि माझा अंदाज आहे की असणारच, तर तुम्ही त्या रिपो वॉच करताय, म्हणजे तिथली प्रत्येक हालचाल मागवताय. तुम्ही स्वतः बटण दाबलेलं नसेलही. पूर्वी एखाद्या रिपोत राइट ॲक्सेस (कोड बदलायची परवानगी) मिळाला की वॉच आपोआप लागायचं, आणि तेव्हा लागलेली वॉच अजून तशीच पडून असतात. ऑर्ग मोठी, ॲक्सेस सरसकट सगळ्यांना, म्हणजे प्रत्येक रिपोची प्रत्येक हालचाल तुमच्या दारात. नोटिफिकेशनच्या पानावर वॉच केलेल्या रिपोंची यादी मिळते, ती उघडा, वरती सगळं एकदम अनवॉच करायचीही सोय आहे. मी म्हणेन की सरळ सगळं अनवॉच करा आणि रोज हात लागतो त्याच रिपो परत जोडा. घाबरू नका, अनवॉच केलं तरी तुमचा उल्लेख झाला, तुमच्याकडे रिव्ह्यू मागितला, तुम्हाला असाइन केलं तर मेल येतेच. मूळ ठेवण ‘सहभाग आणि उल्लेख’ अशी आहे, ती पुरेशी आहे.

एकच सांभाळा. त्याच मेन्यूत ‘इग्नोर’ नावाचा पर्याय आहे, तो वेगळा आहे. इग्नोर केलेल्या रिपोत कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली तरी तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. चालू कामाच्या रिपोवर तो कधीच लावू नका.

आणि ‘कस्टम’ म्हणून पर्याय आहे तो फार कामाचा आहे, त्यात फक्त रिलीज किंवा फक्त सिक्युरिटी अलर्ट असं निवडता येतं. ज्या लायब्ररी आपण वापरतो पण लिहीत नाही, त्यांना मी फक्त रिलीज ठेवलंय, नवी आवृत्ती आली की एक मेल, बास.

सातारी_कंदी

मेघनाताईंशी शंभर टक्के सहमत, पण अनवॉच केल्यावरही जे उरतं त्याला फिल्टर लागतोच, म्हणून ते सांगतो.

गिटहबच्या प्रत्येक मेलमध्ये ‘एक्स-गिटहब-रीझन’ नावाचा हेडर (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी माहितीची ओळ) असतो, त्यात ते कारण लिहिलेलं असतं. आउटलुकमध्ये नियम करताना ‘हेडरमध्ये हे शब्द असतील तर’ अशी अट देता येते, त्यामुळे आउटलुकवाल्यांचं काम सोपं. जीमेलला असे हेडर वाचून फिल्टर लावता येत नाही आणि लोक तिथेच सोडून देतात. पण गिटहबने वाट ठेवलीये. मेलचा सीसी बघा, तिथे तुमच्या पत्त्याशेजारी एक दुसरा पत्ता दिसेल. रिव्ह्यू मागितला असेल तर ‘रिव्ह्यू अंडरस्कोर रिक्वेस्टेड’ ॲट नोरिप्लाय डॉट गिटहब डॉट कॉम, नाव घेऊन बोलावलं असेल तर ‘मेन्शन’ ॲट तेच, टीमला बोलावलं असेल तर ‘टीम अंडरस्कोर मेन्शन’, बिल्डचं असेल तर ‘सीआय अंडरस्कोर ॲक्टिव्हिटी’, काम तुमच्यावर टाकलं असेल तर ‘असाइन’. जीमेलच्या फिल्टरमध्ये ‘प्रति’च्या रकान्यात हा पत्ता घातला की झालं, तो सीसीसुद्धा धरतो.

मी काय केलंय, तर रिव्ह्यू आणि मेन्शन या दोघांना एक भडक लाल लेबल, इनबॉक्समध्येच राहू द्यायचं, महत्त्वाचं म्हणून खूण करायची. बाकी जे नोटिफिकेशन्स ॲट गिटहब वरून येतं ते इनबॉक्स टाळून दुसऱ्या लेबलात. म्हणजे तुमच्या त्या नव्या मुलीची रिक्वेस्ट लाल लेबलासकट डोळ्यासमोर येईल.

एका ठराविक रिपोचंच बाजूला काढायचं असेल तर जीमेलमध्ये ‘लिस्ट’ म्हणून शोधायची सोय आहे, तिथे रिपोचं नाव घातलं की चालतं, कारण प्रत्येक मेलमध्ये लिस्ट-आयडी असतो आणि त्यात रिपो आणि मालकाचं नाव येतं.

डोंगरवाट

वा, दोघांचेही आभार. काल बसून ती शेवटची ओळ वाचायचा उद्योग केला, डोळे उघडले. सबस्क्राइब्डवाल्या भरपूर होत्या त्या गेल्या, यादीत तर अशा रिपो निघाल्या की ज्या आता कुणी वापरत नाही. पण त्या गेल्यावर दोन मोठे गठ्ठे उरलेत. एक म्हणजे ‘तुमच्या टीमकडे रिव्ह्यू मागितलाय’, आमची टीम मोठी आहे आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टला सगळ्यांना मेल जाते. सगळ्यांना आली म्हणजे कुणीच बघत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. दुसरा गठ्ठा बिल्डचा आणि डिपेंडाबॉटचा. यांचं काय करायचं?

जुना_जाणता

टीमच्या रिव्ह्यूचं सांगतो, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

तुमच्या रिपोत कोडओनर्स नावाची फाइल असणार. त्यात अमुक फोल्डर अमुक टीमचं असं लिहिलेलं असतं, आणि त्या फोल्डरमध्ये कुणी बदल केला की गिटहब आपोआप त्या टीमकडे रिव्ह्यू मागतं. बहुतेक ठिकाणी ही फाइल सुरुवातीला कुणीतरी घाईत लिहितो, सगळ्यात वर एक तारांकन टाकून संपूर्ण रिपो एकाच मोठ्या टीमच्या नावावर करून टाकतो, आणि पुढे वर्षानुवर्षं तिला हात लागत नाही. आधी ती फाइल दुरुस्त करा. जो भाग खरंच ज्यांना कळतो त्यांच्याच छोट्या टीमच्या नावावर करा.

मग टीमच्या सेटिंगमध्ये जा, तिथे कोड रिव्ह्यू असाइनमेंट म्हणून भाग आहे. तो चालू केला की टीमकडे आलेली रिक्वेस्ट आपोआप एका-दोघांच्या नावावर जाते, पाळीपाळीने किंवा ज्याच्याकडे कमी काम आहे त्याच्याकडे, दोन्ही पद्धती आहेत. त्याच्याच खाली एक पर्याय असतो की ज्यांना निवडलंय फक्त त्यांनाच कळवायचं, अख्ख्या टीमला नाही. तोही चालू करा. कुणी रजेवर असेल तर त्याला पाळीतून वगळता येतं. हे झालं की रिक्वेस्टला एक मालक मिळतो. मेल कमी होणं हा त्यातला दुय्यम फायदा आहे, खरा फायदा म्हणजे टाकणाऱ्या माणसाला उत्तर मिळतं.

टीमच्या आत टीम असतील तर हेही बघा की वरच्या टीमला हाक मारली की खालच्या सगळ्या टीममधल्या माणसांनाही मेल जाते. ‘इंजिनिअरिंग’ असं नाव देऊन अख्खी कंपनी एका टीममध्ये घातलेली असते, आणि कुणीतरी सहज त्या नावाने हाक मारतो. अशा टीमसाठी नोटिफिकेशन बंद ठेवायची सोय टीमच्या सेटिंगमध्ये आहे, ॲडमिनला सांगून बंद करून घ्या. २०२२ च्या जूनमध्ये एपिक गेम्स या गेम कंपनीच्या रिपोत काय झालं ते आठवत असेल. त्यांच्या अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड बघायचा तर आपलं गिटहब अकाउंट त्यांच्या ऑर्गला जोडावं लागतं, आणि जोडलं की तुम्ही त्यांच्या डेव्हलपर्सच्या टीममध्ये जाता. एका पुल रिक्वेस्टमध्ये कुणीतरी त्या टीमला हाक मारली आणि जवळपास ४ लाख लोकांना मेल गेली. मग लोक उत्तरं देत सुटले, आणि प्रत्येक उत्तराची परत मेल. त्यात टाकणाऱ्या माणसाला किती दोष द्यायचा? एवढ्या मोठ्या टीमला कुणीही हाक मारू शकतो ही रचनाच चुकीची होती.

म्युनिकवासी

बिल्डच्या मेल माझ्याकडून.

स्वतःच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये खाली ॲक्शन्सचा (बिल्डसारखी कामं आपोआप चालवणारी गिटहबची सोय, त्या कामांना वर्कफ्लो म्हणतात) भाग आहे, तिथे ‘फक्त फेल झालेल्या वर्कफ्लोसाठी कळवा’ ही खूण करा. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते. रोज रात्री वेळापत्रकाने चालणारं बिल्ड असतं ना, ते पडलं की मेल कुणाला जाते? ज्याने त्या वर्कफ्लो फाइलमधली वेळेची ओळ शेवटची बदलली त्याला. सुरुवातीला ज्याने फाइल लिहिली त्याला, आणि नंतर कुणी वेळ बदलली की त्याला. आमच्याकडे जर्मनीत उन्हाळ्यात घड्याळ पुढे जातं म्हणून एका सहकाऱ्याने वेळ एका तासाने सरकवली, आणि तेव्हापासून ज्या प्रोजेक्टशी त्याचा काही संबंध नव्हता त्याच्या रात्रीच्या फेलच्या मेल त्याला यायला लागल्या, आणि ज्याला यायला हव्यात त्याला यायच्या बंद झाल्या. हे दुसरं जास्त वाईट. म्हणून कुणी टीम सोडून गेलं की वेळापत्रकाच्या फाइल तपासा, नाहीतर बिल्ड महिनाभर पडलेलं असतं आणि कळायला कुणी नसतं.

जे बिल्ड रोजच पडतं आणि कुणी दुरुस्त करत नाही, त्याची मेल बंद करू नका, ते बिल्डच दुरुस्त करा किंवा काढून टाका. पडलेल्या बिल्डची मेल आली तर माणसाने हातातलं काम सोडून उठलं पाहिजे, अशी त्या मेलची किंमत राहिली पाहिजे.

डिपेंडाबॉटला आवरायचं तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये रोजच्या ऐवजी आठवड्याला किंवा महिन्याला असं ठेवा. आणि ग्रुप करायची सोय आहे ती वापरा, सगळ्या छोट्या अपडेटची मिळून एकच पुल रिक्वेस्ट होते. एकावेळी किती उघड्या ठेवायच्या त्याचीही मर्यादा घालता येते, काही नाही लिहिलं तर ५ असते. मात्र सिक्युरिटीचे अलर्ट वेगळे आहेत, ते बंद करू नका. फार येत असतील तर त्यांचा रोजचा किंवा आठवड्याचा एकत्र गोषवारा मेलवर मागवता येतो.

स्वरा७

मी अजून शिकतेय, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी एका मोठ्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टच्या इश्यूवर, म्हणजे अडचण नोंदवायच्या थ्रेडवर, ‘मलाही हाच एरर येतोय’ एवढं लिहिलं होतं. आता त्या इश्यूवर कुणीही काहीही लिहिलं की मला मेल येते, आणि बहुतेक लोक नुसतं प्लस वन, म्हणजे ‘मलाही’, लिहून जातात. मी रिपो वॉच केलेली नाहीये, मग हे का? आणि दादा-ताई, अजून एक, मी कमेंट केली म्हणजे मी पण त्यांना असाच त्रास दिला का?

मेघना_प

स्वरा, तू एरर आल्याचं सांगितलंस त्यात वावगं काही नाही, आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली असशील तर उलट मदतच झाली त्यांना.

आता का ते. कमेंट केली की त्या एका इश्यूला तू आपोआप सबस्क्राइब होतेस, रिपो वॉच असो वा नसो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इश्यूच्या उजव्या बाजूला नोटिफिकेशनचं बटण असतं, तिथून अनसबस्क्राइब कर. किंवा त्याच्या शेजारच्या कस्टमाइझमध्ये जाऊन ‘इश्यू बंद झाला की कळवा’ एवढंच ठेव. मी हेच करते, मधली चर्चा नको, सुटला की कळलं पाहिजे.

प्लस वनबद्दल म्हणशील तर ही दुखणी जुनी आहेत. २०१६ च्या जानेवारीत बऱ्याच मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या) लोकांनी मिळून गिटहबला उघडं पत्र लिहिलं होतं, त्यात हीच तक्रार होती की इश्यूवर नुसत्या प्लस वनच्या कमेंट पडतात आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना मेल जाते. त्यानंतर मार्चमध्ये रिॲक्शन आल्या, अंगठा, हृदय वगैरे. अंगठा दिला की मेल कुणालाच जात नाही, आणि मेंटेनरला किती लोकांना हवंय ते आकड्यात दिसतं. तर आता जिथे ‘मलाही’ एवढंच म्हणायचंय तिथे पहिल्या कमेंटला अंगठा द्यायचा.

जुना_जाणता

स्वराने विचारलं म्हणून आपल्याकडच्या मुलांसाठी मुद्दाम लिहितो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावायचा डिजिटलओशन कंपनीचा ऑक्टोबरमधला उपक्रम) चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट मिळायचा, आणि एका भारतीय यूट्यूब चॅनेलवर दाखवलं गेलं की कशी सोप्यात पुल रिक्वेस्ट टाकायची. मग काय, जगभरच्या रिपोंमध्ये रीडमीत (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) एखादा शब्द वाढवलेल्या रिक्वेस्टचा भडिमार झाला. डिजिटलओशनला ३ ऑक्टोबरलाच नियम बदलावा लागला, ज्या रिपोने स्वतःहून भाग घेतलाय तिथलीच रिक्वेस्ट धरायची असं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीला परत तेच, एक्स्प्रेस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रिपोत रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या रिक्वेस्ट येत राहिल्या कारण एका ट्युटोरियलमध्ये उदाहरण म्हणून तीच रिपो दाखवली होती. मुलांचा हेतू वाईट नव्हता, शिकायला आली होती. पण प्रत्येक रिक्वेस्टची मेल ती रिपो वॉच करणाऱ्या हजारो लोकांना जाते, आणि मेंटेनर लोक बहुतेक फुकट, रात्री जागून काम करणारे असतात. सराव करायचा तर स्वतःच्या फोर्कमध्ये (रिपोची आपल्या खात्यावरची प्रत) करा, मैत्रिणीच्या रिपोत करा, तिथे पाहिजे तेवढ्या रिक्वेस्ट टाका.

मेंटेनरच्या बाजूने सांगायचं तर असा पूर आला की रिपोच्या सेटिंगमध्ये इंटरॲक्शन लिमिट लावता येतं, २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत, तेवढ्या काळात नवखी अकाउंट्स किंवा आधी योगदान न दिलेले लोक कमेंट करू शकत नाहीत. एकच थ्रेड भडकला असेल तर तो लॉक करा.

कोल्हापुरी_ठेचा

एक राहिलंच की भावांनो! जावावाले बसलेत का इथं कुणी? इश्यूमध्ये कोड चिकटवताना आधी आणि नंतर तीन बॅकटिक (` हे चिन्ह) टाकत जा रे, म्हणजे कोडची चौकट होते. @ओव्हरराइड, @टेस्ट, @बीन असलं काही कोडच्या चौकटीबाहेर लिहिलं की गिटहबला वाटतं माणसाला हाक मारली, आणि त्या नावाचं अकाउंट ज्या कुणाचं असंल त्याला मेल जाते. एनपीएमच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजचं भांडार) काही पॅकेजची नावं पण ॲट चिन्हानेच सुरू होतात. कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) मेसेजमध्ये लिहिलं तरी पूर्वी तेच व्हायचं. चौकटीत घातलं की हाक जात नाही.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे गिटहबसारखंच गिटलॅब आहे, आमच्याच सर्व्हरवर बसवलेलं, त्यामुळे तिकडचं थोडं लिहितो, कुणाला लागलं तर.

गिटलॅबमध्ये पातळ्या आहेत. वॉच म्हणजे सगळं, पार्टिसिपेट म्हणजे ज्यात तुम्ही आहात ते, ऑन मेन्शन म्हणजे नाव घेतलं तरच, डिसेबल्ड म्हणजे काहीच नाही, आणि कस्टम. ही पातळी तीन ठिकाणी ठेवता येते, सगळ्यासाठी एक, ग्रुपसाठी वेगळी, प्रोजेक्टसाठी वेगळी, आणि जी जास्त जवळची ती चालते. म्हणजे प्रोजेक्टची ठेवली असंल तर ग्रुपची लागू होत नाही. लोक वरची बदलतात आणि म्हणतात फरक पडला नाही, कारण खाली प्रोजेक्टला कधीतरी वॉच करून ठेवलेलं असतं. आधी खालची यादी बघायची बरं का.

मेलमध्ये ‘एक्स-गिटलॅब-नोटिफिकेशनरीझन’ हा हेडर असतो, सातारी भाऊंनी सांगितलं तसाच वापरायचा. आणि पुश केल्यावर, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवल्यावर, सगळ्या टीमला डिफसकट (बदललेल्या ओळींसकट) मेल जात असंल तर ते वैयक्तिक सेटिंगमधून जाणार नाही, ते प्रोजेक्टच्या इंटिग्रेशनमध्ये ‘ईमेल्स ऑन पुश’ म्हणून लावलेलं असतं, मेंटेनरला सांगून काढावं लागतं.

मी तर कामासाठी टू-डू लिस्टच बघतो. जे माझ्या नावावर आहे ते तिथे आपोआप येतं, मेल फक्त आठवणीपुरती.

रानवारा

सगळ्यांनी मेल कमी कशा करायच्या ते छान सांगितलंय, मी सुरक्षेच्या बाजूने लिहिते कारण मला हे फार गरजेचं वाटतं आणि टीममध्ये नवीन आलेल्यांना कुणी सांगत नाही.

पहिलं, गिटहबच्या मेलला रिप्लाय केला की तो रिप्लाय कमेंट म्हणून थ्रेडवर जातो. सोय चांगली आहे, पण मेलच्या खाली तुमची सही जोडलेली असेल, नाव, हुद्दा, मोबाइल नंबर, तर तीही तिथे उमटते, आणि रिपो पब्लिक असेल तर सगळ्या जगाला दिसते. रजेवर जाताना लावलेले ऑटो-रिप्लायसुद्धा असे कमेंट होऊन पडलेले मी कितीतरी इश्यूंमध्ये बघितलेत, ‘मी अमुक तारखेपर्यंत गावाला आहे, तातडीचं काम असल्यास या नंबरवर’ असं, नंबरासकट. ऑटो-रिप्लाय फक्त ऑफिसच्या आतल्या लोकांना जाईल असं ठेवा. बहुतेक मेल सिस्टीममध्ये तो पर्याय असतो.

दुसरं, नोटिफिकेशनची मेल दुसऱ्याला फॉरवर्ड करू नका. त्या मेलमधला रिप्लायचा पत्ता तुमच्यासाठी म्हणून खास बनवलेला असतो. तो दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याला तुमच्या नावाने लिहिता येतं, आणि खालच्या लिंकवरून तुम्हाला अनसबस्क्राइबही करता येतं. सांगायचंच असेल तर इश्यूची लिंक कॉपी करून पाठवा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मेल खरंच गिटहबकडून आली म्हणजे आतला मजकूर खरा, असं नाही. कुणीही इश्यू उघडून त्यात तुम्हाला हाक मारू शकतो, आणि त्याने लिहिलेलं गिटहबच्या खऱ्या पत्त्यावरून तुमच्यापर्यंत येतं. २०२५ च्या मार्चमध्ये हजारो रिपोंमध्ये असे इश्यू उघडले गेले, मथळा सिक्युरिटी अलर्टचा, आत लिहिलेलं की तुमच्या अकाउंटवर आइसलँडमधल्या रेक्याविक इथून लॉगिन झालंय, पासवर्ड बदला. लिंक दाबली की पासवर्डचं पान यायचंच नाही, एका ॲपला परवानगी देण्याचं पान यायचं, आणि परवानगी दिली की तुमच्या रिपो त्याच्या हातात. त्याच वर्षी सप्टेंबरात वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपना पैसे देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नावाने, तुमची निवड झालीये म्हणून, क्रिप्टो वॉलेट जोडायला लावणारे इश्यू आले.

ओळखायचं कसं, तर परत मेघनाताईंची ती शेवटची ओळ. लॉगिनची खरी सूचना कुठल्याही रिपोच्या इश्यूमधून येत नाही. खाली ‘तुमचा उल्लेख झाला’ असं लिहिलंय आणि वर अनोळखी रिपोचं नाव आहे, म्हणजे कुणीतरी माणसाने लिहिलेली कमेंट आहे ती. लिंक दाबू नका, ब्राउझरमध्ये स्वतः गिटहब उघडून सेटिंगमध्ये सेशन्स बघा. असा इश्यू दिसला की रिपोर्ट करा. आणि चुकून कुणी परवानगी दिलीच असेल तर सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन्समध्ये जाऊन ती ताबडतोब काढा, मग टोकन आणि की (पासवर्डऐवजी वापरायच्या गुप्त किल्ल्या) बदला.

स्वरा७

बापरे, तो वाय कॉम्बिनेटरवाला आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने टाकला होता, खरा आहे का म्हणून. बरं झालं ताई तुम्ही लिहिलंत, लिंक पाठवते सगळ्यांना. पण त्या मुलाचं म्हणणं असं होतं की ती रिपो गायब झाली तरी त्याच्या घंटेवर निळा ठिपका तसाच राहिला होता, आत काहीच दिसत नव्हतं.

म्युनिकवासी

हो, ते बऱ्याच जणांना झालं होतं. रिपो काढून टाकल्यामुळे नोटिफिकेशन यादीत दिसत नाही पण मोजणीत राहतं. गिटहबचं कमांड लाइनचं टूल असेल तर त्यातून एपीआयच्या (प्रोग्रॅममधून गिटहबशी बोलायची सोय) ‘नोटिफिकेशन्स’ला पुट रिक्वेस्ट पाठवायची आणि ‘लास्ट-रेड-ॲट’मध्ये आजची तारीख-वेळ द्यायची, म्हणजे तोपर्यंतचं सगळं वाचलेलं म्हणून नोंदलं जातं, ठिपका जातो. खरोखर न वाचलेलं काही कामाचं असेल तर ते आधी ‘सेव्ह’ करून ठेवा.

डोंगरवाट

मंडळी, फार मोठी मदत झाली. आमच्या ॲडमिनशी बोलून कोडओनर्सची फाइल तीन टीममध्ये वाटली, पाळीची सोय लावली, फक्त निवडलेल्यालाच मेल असं ठेवलं. डिपेंडाबॉट आठवड्यावर आणला आणि ग्रुप केले. सातारी भाऊंचं लाल लेबल माझ्याच काय, अख्ख्या टीमच्या मेलबॉक्सला लावलंय. आता इनबॉक्समध्ये जी मेल दिसते ती खरंच माझ्यासाठी असते. त्या मुलीच्या पुढच्या रिक्वेस्टवर त्याच दिवशी कमेंट गेली.

ऑफिसच्या ऑर्गच्या मेल ऑफिसच्या पत्त्यावर आणि घरच्या प्रोजेक्टच्या घरच्या पत्त्यावर असंही करता येतं हे सेटिंग चाळताना सापडलं, कस्टम राउटिंग म्हणतात त्याला. दोन्ही पत्ते अकाउंटला जोडून व्हेरिफाय केले की ऑर्गनुसार पत्ता निवडता येतो. ज्यांचं अकाउंट एकच आहे त्यांनी जरूर करा, सुट्टीच्या दिवशी ऑफिसचं काही दिसत नाही.

शेवटचा प्रश्न. माझ्या घरच्या पत्त्यावर नोकरीवाल्यांच्या आणि कसल्या कसल्या प्रॉडक्टवाल्यांच्या मेल येतात, ‘तुमचं गिटहबवरचं काम बघितलं’ अशा. प्रोफाइलवर मी पत्ता दिलेलाच नाहीये. मग तो मिळतो कुठून?

सातारी_कंदी

कमिटमधून. गिट (बदलांची नोंद ठेवणारं, गिटहबच्या मुळाशी असलेलं टूल) प्रत्येक कमिटमध्ये नावासोबत मेलचा पत्ता लिहितं, जो तुमच्या मशिनवर कॉन्फिग केलेला असेल तो. पब्लिक रिपोतल्या कुठल्याही कमिटच्या लिंकच्या शेवटी डॉट पॅच जोडा, वरच्याच ओळींमध्ये मेलचा पत्ता दिसेल. स्वतःचंच एखादं कमिट उघडून बघा.

उपाय असा की ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘माझा पत्ता खाजगी ठेवा’ ही खूण करा. तिथे गिटहब तुम्हाला यूजर्स डॉट नोरिप्लायवाला एक पत्ता देतं, सुरुवातीला आकडे आणि मग तुमचं नाव असा. तो मशिनवर गिटच्या कॉन्फिगमध्ये घाला, ऑफिसच्या आणि घरच्या दोन्ही मशिनवर. त्याच्याच खाली अजून एक खूण आहे, खरा पत्ता असलेलं कमिट पुश करायला गेलात तर अडवायची, तीही करा म्हणजे विसरलात तरी बाहेर जाणार नाही. कमिटचं श्रेय तुमच्याच नावावर राहतं, प्रोफाइलवर काम दाखवणारे हिरवे चौकोन जात नाहीत.

जुन्या कमिटमधला पत्ता मात्र तसाच राहणार. तो काढायचा तर इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि सोबत काम करणाऱ्यांचे क्लोन (त्यांच्या मशिनवरच्या रिपोच्या प्रती) सगळे बिघडतात, तर त्या भानगडीत पडू नका. ज्या पाठवणाऱ्यांचा कंटाळा आलाय त्यांना स्पॅम म्हणून खूण करत जा, आणि आजपासूनची कमिट नव्या पत्त्याने करा.